रक्तात भरपूर, कामाला थोडं: वाढीचं हार्मोन कोण अडवतं, कोण सोडतं

आमच्या भागात पोरगं वयाच्या मानानं बुटकं राहिलं की दोन उत्तरं ठरलेली असतात. एक तर "बापावर गेलं", नाहीतर "टॉनिक सुरू करा". आता त्यात तिसऱ्याची भर पडली आहे, ती म्हणजे अमरावती-नागपूरच्या लॅबमधून आलेल्या छापील रिपोर्टाची. मी तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे असे कागद फिरत फिरत माझ्यापर्यंत येतात. मी डॉक्टर नाही हे आधी सांगतो, मग चहा होतो, मग कागद उघडतोच. मागच्या पावसाळ्यात एका शेतकऱ्यानं आपल्या अकरा वर्षांच्या मुलाचा रिपोर्ट पुढे केला. त्यात एकाखाली एक दोन ओळी होत्या: आयजीएफ-१ आणि आयजीएफबीपी-३. "सर, वरचं डॉक्टरसायबानं सांगतलं. पण एवढ्याशा पोट्ट्याले बीपी काहून काढलं जी?"

हा बीपी रक्तदाबाचा नव्हे, तो "बाइंडिंग प्रोटीन"चा, म्हणजे धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचा. पण बोट बरोबर ओळीवर पडलं होतं. वरच्या ओळीबद्दल सगळे बोलतात, खालच्या ओळीबद्दल कोणी बोलत नाही, आणि मूल वाढतं की नाही याचा अर्धाअधिक हिशेब त्या खालच्या ओळीत आणि तिच्या भावंडांत दडलेला आहे.

सुरुवात मेंदूपासून करावी लागेल. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. ती ग्रोथ हार्मोन सोडते. सारखं नाही, थांबून थांबून, उसळ्या मारत. मुलं गाढ झोपली की त्यातली मोठी उसळी येते. दिवसा दुपारी रक्त काढलं तर हे हार्मोन सापडणारही नाही, आणि म्हणून मूल आजारी आहे असं होत नाही. नुसतं ग्रोथ हार्मोन मोजून फारसं काही कळत नाही ते यामुळेच.

बरं, हे हार्मोन थेट हाडाला जाऊन "वाढ" असं सांगतं का? बराच काळ तसंच वाटत होतं. १९५७ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सॅल्मन आणि डॉगडे या दोघांनी पिट्युटरी काढून टाकलेल्या उंदरांची कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकाशी असतो तसला लवचिक भाग, काचेच्या भांड्यात ठेवली. वाढणारी कूर्चा सल्फेट ओढून घेते, तेव्हा ती किती ओढते यावर त्यांनी वाढ मोजली. भांड्यात ग्रोथ हार्मोन टाकलं, तर म्हणावा तसा फरक पडला नाही. धडधाकट उंदराच्या रक्तातला पिवळा द्रव टाकला, तर कूर्चा कामाला लागली. आणि पिट्युटरी नसलेल्या उंदराला आधी ग्रोथ हार्मोन टोचून मग त्याच्या रक्तातला द्रव टाकला, तरी ती कामाला लागली. म्हणजे ग्रोथ हार्मोन शरीरात जाऊन दुसरं काहीतरी तयार करवून घेतं आणि पुढचं बरंचसं काम ते दुसरं काहीतरी करतं.

गंमत अशी की युरोपात काही जण भलत्याच वाटेनं तिथेच पोचत होते. रक्तात इन्सुलिनसारखं काम करणारं काहीतरी आहे, पण इन्सुलिनला निकामी करणारी प्रतिद्रव्यं टाकली तरी ते थांबत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. १९७८ मध्ये झुरिकच्या रिंडरक्नेख्ट आणि हुंबेल यांनी त्याची पूर्ण रचना मांडली. ७० अमिनो आम्लांची एक साखळी, आणि तिची जवळजवळ निम्मी ठेवण इन्सुलिनशी जुळणारी. कूर्चा वाढवणारा पदार्थ आणि साखर उतरवणारा पदार्थ एकच निघाला. तोच आयजीएफ-१, म्हणजे "इन्सुलिनसारखा वाढीचा घटक". रक्तात फिरणारा त्याचा बहुतेक साठा यकृत तयार करतं. हाडं आणि स्नायू आपापल्यापुरता थोडा जागेवरच करून घेतात, आणि तो थोडाही महत्त्वाचा असतो.

आता अडचण कुठे आहे ते बघा. आयजीएफ-१ आणि त्याचा जोडीदार आयजीएफ-२ हे दोघे इन्सुलिनचे चुलतभाऊ. साखर उतरवण्याची त्यांची ताकद इन्सुलिनपेक्षा बरीच कमी आहे, पण कणांच्या संख्येत मोजलं तर रक्तात ते इन्सुलिनच्या हजारपटीच्या घरात असतात. एवढा माल मोकळा सुटला तर साखर कोसळून माणूस बेशुद्ध पडेल. आपण पडत नाही, कारण तो मोकळा नसतोच.

डवरणीच्या दिवसांत सोयाबीनच्या तासातून बैल चालवताना आपण त्यांच्या तोंडाला मुसकं बांधतो. बैल तोच असतो, जोरही तोच असतो, रानभर हिरवं दोन्ही बाजूंना असतं, पण तोंड घालता येत नाही. डवरा सुटला, गव्हाणीशी आणला, की मुसकं काढायचं. रक्तातल्या आयजीएफचं अगदी असंच आहे. यकृतातून निघाल्याबरोबर त्याला एक प्रथिन येऊन घट्ट धरतं. धरलेलं असेपर्यंत ते पेशीला चिकटू शकत नाही, साखरेला तोंड लावू शकत नाही. जिथं काम आहे तिथं पोचल्यावर ते सुटतं. या धरून ठेवणाऱ्या प्रथिनांचे सहा प्रकार माहीत आहेत आणि त्यांना क्रमांकानंच ओळखतात, आयजीएफबीपी-१ ते आयजीएफबीपी-६. यापुढे मी नुसतं पहिलं, तिसरं असं म्हणेन, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव जायचा.

हे मुसकं नीट बसलं नाही तर काय होतं याचा पुरावा निसर्गानंच दिला आहे. काही मोठ्या गाठी आयजीएफ-२ चा एक बेढब, लांबलेला प्रकार रक्तात सोडतात. तो नेहमीच्या पद्धतीनं नीट बांधला जात नाही. अशा रुग्णाला मधुमेह नसतो, त्यानं इन्सुलिन घेतलेलं नसतं, तरी त्याची साखर धोकादायक उतरते.

सहांमध्ये रक्तातला सगळ्यात मोठा वाटा तिसऱ्याचा. ते आयजीएफला धरतं, आणि मग यकृतातूनच आलेलं आणखी एक मोठं प्रथिन, एएलएस नावाचं, त्या दोघांना येऊन मिळतं. तिघांचं हे गाठोडं इतकं मोठं होतं की रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडू शकत नाही. रक्तातलं बहुतेक आयजीएफ अशाच गाठोड्यात असतं, आणि पूर्ण मोकळं शंभरात एक भागही नसतं. टिकण्यातला फरक तर फार मोठा आहे. मोकळं आयजीएफ सुमारे दहा मिनिटांत निम्मं होतं. एकाच प्रथिनानं धरलेलं अर्ध्या तासाच्या आसपास. तिघांच्या गाठोड्यातलं बारा-पंधरा तास. रात्री झोपेत ग्रोथ हार्मोनची उसळी आली आणि गेली, तरी सकाळी, दुपारी, संध्याकाळी आयजीएफची पातळी जवळजवळ सारखी राहते ती या गाठोड्यामुळे. डॉक्टर ग्रोथ हार्मोनऐवजी आयजीएफ-१ मोजायला सांगतात, त्याचं कारणही हेच.

आणि खालच्या ओळीचंही. आयजीएफ-१, तिसरं प्रथिन आणि एएलएस, तिन्ही ग्रोथ हार्मोनच्या जोरावर वाढतात. ग्रोथ हार्मोन कमी पडलं की तिन्ही खाली येतात. तीन वर्षांखालच्या मुलांत तर आयजीएफ-१ मुळातच इतकं कमी असतं की कमतरता आहे की वयच तसं आहे हे सांगणं अवघड जातं, तिथं तिसऱ्याचा आकडा जास्त उपयोगी पडतो. शेतकऱ्याच्या मुलाचं "बीपी" यासाठी काढलं होतं.

इथपर्यंतचा भाग बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. मला खरा रस आहे तो पहिल्या क्रमांकाच्या प्रथिनात, जे नेहमीच्या रिपोर्टात येतच नाही.

तिसरं प्रथिन संथ आहे, दिवस-आठवड्यांच्या हिशेबानं हलतं. पहिलं मात्र तासांच्या हिशेबानं हलतं, आणि त्याची दोरी इन्सुलिनच्या हातात आहे. रात्री आठला भाकर-वरण खाऊन मूल झोपलं. मध्यरात्रीनंतर इन्सुलिन खाली येतं, तसं यकृत पहिलं प्रथिन जोरात तयार करू लागतं. पहाटेपर्यंत ते कित्येक पट झालेलं असतं. सकाळी पोहे खाल्ले, इन्सुलिन वर गेलं, आणि पुढच्या काही तासांत पहिलं प्रथिन उतरलं. रोज असंच. आतली यंत्रणाही आता बरीच कळली आहे. यकृताच्या पेशीत फॉक्सो-१ नावाचं एक प्रथिन असतं, ते केंद्रकात बसून या पहिल्या प्रथिनाचा जीन चालू ठेवतं. इन्सुलिन पेशीला चिकटलं की आतमध्ये साखळीनं निरोप जातो, फॉक्सोवर फॉस्फेट लागतं, ते केंद्रकातून बाहेर पडतं आणि जीन गप्प होतो. इन्सुलिन नसलं की ते परत आत. उलट बाजूनं ग्लुकागॉन आणि कॉर्टिसॉल ही उपासाची आणि ताणाची हार्मोनं पहिल्याला वर ढकलतात.

म्हणजे शरीर दर जेवणागणिक हिशेब करतं. पोटात आलं आहे का? आलं असेल तर मुसकं सैल, पेशींनी वाढायला हरकत नाही. आलं नसेल तर घट्ट, आहे ती साखर मेंदूला राहू द्या.

त्याच्या जोडीला इन्सुलिनचं दुसरंही काम आहे. यकृताच्या पेशीवर ग्रोथ हार्मोन पकडणाऱ्या जागा असतात, त्या पुरेशा राहतात त्या इन्सुलिन पुरेसं असेल तरच. सतत उपाशी राहणाऱ्या मुलात त्या कमी होतात. पिट्युटरी बिचारी ग्रोथ हार्मोन सोडत राहते, उलट नेहमीपेक्षा जास्त सोडते, पण यकृत दाद देत नाही. आयजीएफ-१ कमी, पहिलं प्रथिन जास्त, आणि प्रथिनांचा तुटवडा लांबला तर दुसरंही जास्त. थोडं जे आयजीएफ आहे तेही बांधलेलं. वाढलेलं ग्रोथ हार्मोन मग वाढीच्या कामाला लागत नाही. ते अंगातली चरबी वितळवून इंधन पुरवतं.

मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे, पावसाळ्याचे महिने कसे जातात ते विदर्भात कोणाला सांगायला नको. जुनं धान्य संपत आलेलं, नवं शेतात उभं, आई रोवणी-निंदणीला, आणि त्यातच लेकराला हगवण. अंगणवाडीत दंडाला पट्टी लावतात, घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की लाल. त्या पट्टीखालच्या लेकराच्या रक्तात वर सांगितलं तेच चालू असतं. ग्रोथ हार्मोन भरपूर, वाढ बंद. अशा लेकराला वाढीचं इंजेक्शन देऊन काही साधत नाही, कारण त्या हार्मोनची तिथं कमतरताच नाही. खाणं सुरू झालं, इन्सुलिन हलू लागलं, की यकृत आपणहून दाद देऊ लागतं. आणि नुसत्या भातानं पुरेसं होत नाही. उष्मांक हवेत आणि प्रथिनंही हवीत, दोन्हींपैकी एक कमी पडलं तरी आयजीएफ-१ पूर्ण वर येत नाही. ज्वारीच्या भाकरीबरोबर बरबटीची उसळ किंवा तुरीचं घट्ट वरण, रोज एक अंडं, मिळत असेल तर दूध. महागडं यात काही नाही, पण पावसाळ्यात तेवढंही नसतं, हीच तर अडचण आहे.

हगवणीचा उल्लेख केला तो उगाच नाही. जंतुसंसर्गात शरीरात जी दाह करणारी रसायनं सुटतात, तीही यकृताला पहिलं प्रथिन वाढवायला लावतात आणि ग्रोथ हार्मोनचं ऐकू देत नाहीत. म्हणून पोटभर खाऊनही सारखं आजारी पडणारं मूल वाढत नाही. पाणी उकळून पिणं हा उंचीचा उपाय आहे असं मी पालकसभेत म्हटलं तेव्हा काही जण हसले. हसू द्या.

इन्सुलिन आणि पहिलं प्रथिन यांचं नातं सगळ्यात उघडं दिसतं ते लहानपणीच मधुमेह झालेल्या मुलांत. या मुलांचं स्वादुपिंड इन्सुलिन बनवत नाही, रोज टोचावं लागतं. १९३० मध्ये पिएर मोरियाक या फ्रेंच डॉक्टरांनी अशा मुलांचं वर्णन केलं ज्यांना इन्सुलिन मिळत होतं, पण पुरेसं आणि नीट मिळत नव्हतं. मुलं बुटकी, पोट पुढे आलेलं, यकृत मोठं. त्या काळी कारण उलगडलं नव्हतं. आज उलगडतं: इन्सुलिन अपुरं, म्हणून पहिलं प्रथिन रात्रंदिवस चढलेलं, ग्रोथ हार्मोन वाया, आयजीएफ बांधलेलं. शिवाय शरीराचं स्वतःचं इन्सुलिन स्वादुपिंडातून निघून आधी थेट यकृतात जातं, तिथं त्याची पातळी सगळ्यात जास्त असते. कातडीखाली टोचलेलं अंगभर पसरून मग यकृताला पोचतं. त्यामुळे साखर बरी दिसत असतानाही यकृताला ते थोडं कमीच पडू शकतं.

आणि आमच्याकडचा उन्हाळा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, पारा ४५ च्या पुढे. न उघडलेली इन्सुलिनची कुपी फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत राहायला हवी. गावात लाइट किती वेळ असते? आमच्या शेजारच्या गावात एका घरी मधुमेहाची मुलगी आहे. तिची आजी कुपी प्लास्टिकच्या डबीत घालून ती डबी ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवते, मडक्यावर फडकं, फडक्यावर दिवसातून दोनदा पाणी. फ्रिजएवढं थंड होत नाही, पण पत्र्याच्या खोलीपेक्षा कितीतरी बरं. उन्हात तापलेलं इन्सुलिन दिसायला तसंच दिसतं, टोचलंही जातं, कामाला मात्र येत नाही. साखर चढते तशी तहान लागते, ते कळतं. त्याच वेळी उंची मंदावते, ते कोणाला कळत नाही. टाइप १ मधुमेहाच्या मुलाची उंची दर काही महिन्यांनी मोजायला सांगतात ती यासाठी.

थायरॉइडबद्दल थोडक्यात. ते कमी पडलं तर ग्रोथ हार्मोन, आयजीएफ-१ आणि तिसरं प्रथिन, सगळंच मंदावतं. मूल बुटकं, सुस्त, बद्धकोष्ठ. तपासणी स्वस्त आहे, गोळी त्याहून स्वस्त, आणि गोळी सुरू झाली की उंची धावते. बुटक्या मुलाची थायरॉइड तपासणी राहून गेलेली दिसली की मला चिडायला होतं.

कॉर्टिसॉलवर मात्र थांबायलाच हवं. ताणाच्या वेळी मूत्रपिंडावरच्या ग्रंथी हे हार्मोन सोडतात, आणि औषधातली स्टेरॉइडं त्याचीच भावंडं. हे यकृतात पहिलं प्रथिन वाढवतं हे आलंच. पण हाडाजवळ त्याचं काम आणखी वाईट आहे. आतापर्यंत ही प्रथिनं फक्त अडवतात असं वाटलं असेल, तर पाचवं वेगळं आहे. ते हाडाच्या गाभ्यात बसून आयजीएफला तिथं जवळ साठवून धरतं आणि हाड घडवणाऱ्या पेशींना मदत करतं. स्टेरॉइड जास्त झालं की त्या पेशी पाचवं प्रथिन कमी करतात आणि आयजीएफ-१ सुद्धा कमी करतात. म्हणजे एकीकडे अडवणारं वाढलं आणि दुसरीकडे मदत करणारं घटलं.

बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या वजनवाढीच्या बिननावाच्या पुड्या आणि सुट्या गोळ्या यांची मला म्हणून भीती वाटते. अशा मालात डेक्सामिथासोनसारखं स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. पंधरा दिवसांत पोरगं भूक भूक करतं, गाल वर येतात, आई खूश होते. गाल फुगतात ते चरबीनं आणि पाण्यानं. हाडाची वाढ त्याच काळात अडलेली असते. असं काही सुरू असेल तर एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. बाहेरून स्टेरॉइड येत असलं की शरीराची स्वतःची ग्रंथी झोपते आणि अचानक बंद केल्यास जिवावर बेतू शकतं. आणि दम्याला किंवा किडनीच्या सुजेला डॉक्टरांनी हिशेबानं लिहून दिलेलं स्टेरॉइड ही वेगळी गोष्ट आहे, हे वाचून ते थांबवू नका. तिथं आजार आवरला तर वाढही सुधारते.

वयात येताना स्त्री-पुरुष हार्मोनं ग्रोथ हार्मोनच्या उसळ्या मोठ्या करतात, आयजीएफ-१ आयुष्यातल्या शिखरावर जातं, वर्षभरात पँट आखूड होते. मग तीच हार्मोनं, मुलग्यांतही शेवटी इस्ट्रोजेनच, हाडांच्या टोकाची कूर्चा बंद करतात आणि उंची थांबते. म्हणून तेरा वर्षांच्या दोन मुलांचे आयजीएफ-१ चे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. एकाला मिसरूड फुटलेली असेल आणि दुसऱ्याला नसेल, तर दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

आता सुटण्याकडे येऊ. बांधलेलं आयजीएफ सोडवतं कोण? हे काम कातरणारी विकरं करतात. ती धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे तुकडे पाडतात, त्याची पकड जाते आणि आयजीएफ मोकळं होतं. यातलं सगळ्यात प्रसिद्ध विकर आपल्या आयाबायांच्या फायलीत आधीपासून असतं, फक्त कोणी ओळख करून देत नाही. गरोदरपणात अकराव्या ते तेराव्या आठवड्यात डबल मार्कर तपासणी करतात, त्यातलं एक नाव पॅप-ए. हे प्रथिन गरोदर बायकांच्या रक्तात १९७४ मध्ये सापडलं. ते करतं काय, हे कळायला १९९९ उजाडलं: ते चौथ्या प्रथिनाला कातरतं. वार मोठी होताना आयजीएफ सोडवून द्यायचं काम त्याच्याकडे आहे. तपासणी मुळात बाळातल्या गुणसूत्रांच्या दोषाचा अंदाज घ्यायला करतात. पण गुणसूत्रं ठीक असून पॅप-ए फार कमी असेल, तर बाळ कमी वजनाचं राहण्याची शक्यता जास्त धरतात आणि पुढच्या सोनोग्राफींत त्याच्या वाढीकडे लक्ष ठेवतात.

बाळंतपणात पहिलं प्रथिनही एका वेगळ्याच कामाला येतं. गर्भाशयाचं अस्तर ते भरपूर तयार करतं आणि गर्भजलात त्याचं प्रमाण खूप असतं. "पाणी गेलं की नुसतं ओलं झालं?" हा प्रश्न पडला की काही दवाखान्यांत एक पट्टी वापरतात. ती पट्टी याच प्रथिनाला ओळखते.

कातरणं बिघडलं तर? पॅप-ए चं एक भावंड आहे, पॅप-ए-२. ते तिसऱ्या आणि पाचव्या प्रथिनाला कातरतं. २०१६ साली दोन कुटुंबांतली अशी मुलं जगासमोर आली ज्यांच्यात याचा जीन निकामी होता. मुलं बुटकी. रिपोर्टात आयजीएफ-१ मात्र जास्त, तिसरंही जास्त. कागद बघून कोणीही म्हटलं असतं की वाढीचा माल तर ओसंडून चालला आहे. पण गाठोडी कोणी सोडतच नव्हतं, मोकळं आयजीएफ कमी होतं. अशा मुलांना बाहेरून तयार आयजीएफ-१ टोचून पाहिलं तेव्हा उंची वाढली. त्या दोन घरांनी सिद्ध केलं की एकूण आकडा आणि कामाला लागलेला आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच्या बरोबर उलटी अवस्था इस्रायलचे झ्वी लॅरॉन यांनी १९६६ मध्ये मांडली होती. त्या मुलांत ग्रोथ हार्मोन भरपूर असतं, पण ते पकडणारी जागाच सदोष असते. त्यामुळे आयजीएफ-१ ही फार कमी आणि तिसरं प्रथिनही फार कमी. यांच्यासाठीचं आयजीएफ-१ इंजेक्शन अमेरिकेत २००५ मध्ये मंजूर झालं. त्याच्या सूचनेत एक गोष्ट ठळक असते: जेवणाच्या वीस मिनिटं आत-बाहेरच टोचायचं, मूल जेवलं नाही तर तो डोस सोडायचा. कारण आता तुम्हालाही सांगता येईल. धरायला प्रथिन कमी, माल मोकळा, साखर कोसळणार.

पूर्व विदर्भात सिकलसेलची मुलं बरीच आहेत, त्यांच्याबद्दल मला विचारणा होते. यांची वाढ आणि वयात येणं मागे राहतं, आणि तपासलं तर आयजीएफ-१ आणि तिसरं प्रथिन बऱ्याचदा कमी असतं. रक्त सारखं तुटत असल्यानं शरीराचं इंधन तिकडे जास्त जळतं, त्यात वारंवार ताप, त्यात जस्ताची कमतरता. इथंही एका इंजेक्शनचा प्रश्न नाही. सिकलसेलचा उपचार नियमित ठेवणं आणि खाणं वाढवणं यानंच आकडे हलतात.

शेतकऱ्याच्या मुलाचे दोन्ही आकडे वयाच्या चौकटीत होते. मी शाळेतून त्याची जुनी उंची मागवली. वर्षाला पाच सेंटिमीटरच्या वर वाढत होता, या वयाला ते ठीकच. वर्षाला चार-साडेचारच्या खाली असता तर मी स्वतः त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवलं असतं. उंची मोजताना चपला काढा, टाचा भिंतीला लावा, डोक्यावर वही आडवी धरा, आणि दरवेळी सकाळीच मोजा, कारण संध्याकाळपर्यंत पाठीचे मणके दबून उंची थोडी कमी भरते.

जाता जाता त्यांनी विचारलं, पुढच्या वेळी रक्त द्यायला पोराला उपाशी न्यायचं का. आयजीएफ-१ आणि तिसऱ्यासाठी एका रात्रीच्या उपासानं फरक पडत नाही, गाठोडं तेवढं टिकाऊ आहे. पण दुसऱ्या काही तपासण्या सोबत असतील तर लॅबवाले सांगतील तसं करा. तपासणीचा दिवस मात्र बघून ठरवा. पोरगं आठवडाभर तापानं पडलं असेल, धड जेवलं नसेल, तर आयजीएफ-१ खाली आलेलंच दिसेल आणि त्या आकड्यावरून कोणीतरी ग्रोथ हार्मोनची भानगड शोधत बसेल. तापातून उठून, दोन-तीन आठवडे नीट जेवून मग रक्त द्यावं. "मंग पोळा झाल्यावरच नेतो," ते म्हणाले, आणि कागद पिशवीत घातला.